खरेदीची चिठ्ठी कागदावरून मोबाइलवर: फॉर्म, लिस्ट आणि मंजुरीचा फ्लो कसा बांधायचा

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी घ्या नाहीतर चिंचोळी, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात खरेदीचा प्रवास बहुतेक सारखाच असतो. जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा कारागीर, कागदाच्या चिटोऱ्यावर ‘पिकर ६, बेअरिंग २’ लिहितो, सुपरवायझर त्यावर सही करतो, चिठ्ठी ऑफिसात जाते आणि शेठ येईपर्यंत टेबलावरच्या काचेखाली पडून राहते. दोन दिवसांनी माग बंदच असतो आणि चिठ्ठी कोणाच्या खिशात आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

हाच प्रवास मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरून मोबाइलवर कसा आणायचा ते इथे क्रमाने दिलं आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. मात्र फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, जोडणं हा यातला सोपा भाग आहे. ‘हो’ कोण म्हणणार आणि त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर पुढे काय, हे ठरवताना खरा कस लागतो. ते ठरवलं नाही, तर चिठ्ठी काचेखालून निघून कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये अडकेल, एवढाच फरक पडेल.

खाली खरेदीच्या मागणीचं उदाहरण घेतलं आहे. रजेचा अर्ज, माग दुरुस्तीची तक्रार, उचल, गेटपास हे सगळं याच साच्यात बसतं.

हाताशी काय हवं

- शेअरपॉइंट (नोंदी आणि फाइली ठेवायची जागा), फॉर्म्स (प्रश्नांचे फॉर्म करायचं साधन) आणि टीम्स (निरोपांचं ॲप) असलेला मायक्रोसॉफ्ट ३६५ चा व्यवसायासाठीचा प्लॅन. फ्लो बांधायचं साधन म्हणजे पॉवर ऑटोमेट. त्याचे साधे कनेक्टर, म्हणजे या ॲपना जोडणारे दुवे, प्लॅनसोबत मिळतात आणि इथलं सगळं काम तेवढ्यात होतं. ‘प्रीमियम’ असा शिक्का असलेली ॲक्शन (फ्लोमधली एक पायरी) घेतली की वेगळं लायसन्स लागतं, म्हणून तिकडे जाऊ नका.
- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. फ्लो मोबाइलवर बांधायच्या फंदात पडू नका.
- मंजुरी देणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर टीम्स आणि आउटलुक.
- गेल्या महिन्यातल्या वीस-तीस जुन्या चिठ्ठ्या, फाटक्या आणि अर्धवट लिहिलेल्याही.
- विभागांची, शेडची आणि मागांच्या नंबरांची एक पक्की यादी.
- कारखान्याच्या नावाचं एक स्वतंत्र खातं. ते कशासाठी, हे दुसऱ्या पायरीत येईल.

आणखी एक. इंटरनेटवर शोधाल तेव्हा इन्फोपाथ आणि शेअरपॉइंट डिझायनर या फॉर्म-वर्कफ्लो बांधायच्या जुन्या साधनांवरचे ढीगभर धडे सापडतील. ते वाचत बसू नका. शेअरपॉइंट ऑनलाइनमधले २०१० पद्धतीचे वर्कफ्लो १ नोव्हेंबर २०२० ला बंद झाले, २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंची अखेरची तारीख २ एप्रिल २०२६, तर इन्फोपाथचा आधार संपण्याची तारीख १४ जुलै २०२६. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट पॉवर ऑटोमेटच शिकावं. २०१९ च्या आधीच्या लेखांत ‘मायक्रोसॉफ्ट फ्लो’ असं नाव दिसेल, ते याचंच जुनं नाव.

१. आधी कागद-पेन्सिल

जुन्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा आणि पाहा: लोक खरोखर काय लिहितात? बहुधा वस्तू, नग, कुठल्या मागासाठी आणि ‘अर्जंट’. किंमत क्वचितच असते. जॉबरला किंमत माहीत नसते, त्यामुळे त्याच्या फॉर्ममध्ये किंमत सक्तीची केली तर तो काहीतरी ठोकून देईल. अंदाजे रक्कम भरणं हे सुपरवायझरचं किंवा स्टोअरवाल्याचं काम आहे. म्हणून फॉर्म कोण भरणार हे आधी ठरवा. या लेखात ‘मागणी जॉबर सांगतो, फॉर्म सुपरवायझर किंवा स्टोअरवाला भरतो’ असं धरलं आहे.

मग कागदावर चौकोन आणि बाण काढून या प्रश्नांची उत्तरं लिहा.

- किती रकमेपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजर एकट्याने मंजूर करू शकतो? उदाहरणादाखल ₹५,००० धरू.
- त्यापुढे मॅनेजर आणि मालक दोघांची मंजुरी हवी, की फक्त मालकाची?
- मालक गावाला गेले तर कोण?
- नामंजूर झालेली मागणी दुरुस्त करून पुन्हा पाठवायची, की नवीन भरायची?
- माल आल्याची नोंद कोण करणार?

या कागदावर मालकांची सही घ्या. गंमत म्हणून नव्हे. फ्लो चालू झाल्यावर ‘हे मला कोणी विचारलंच नाही’ असं ऐकायची वेळ येते, तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो.

२. फ्लो कोणाच्या खात्यात राहणार

पॉवर ऑटोमेटमधला फ्लो बांधणाऱ्याच्या खात्यातून चालतो. मेल त्याच्या नावाने जातात, लिस्टमधली नोंद त्याच्या नावाने होते. कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्याचं खातं बंद झालं, की फ्लोची कनेक्शनं तुटतात. खातं तेच राहिलं आणि पासवर्ड बदलला, तरी कधीकधी कनेक्शन पुन्हा जोडावं लागतं.

म्हणून कारखान्याच्या नावाचं वेगळं खातं काढा, त्याला लायसन्स द्या आणि सगळं त्यातूनच बांधा. शिवाय फ्लोला किमान एक सह-मालक जोडा, म्हणजे मुख्य खातं अडलं तरी दुसऱ्याला आत शिरता येईल.

फॉर्मचंही तसंच. वैयक्तिक खात्यात केलेला फॉर्म त्या माणसाचा राहतो. फॉर्म्स उघडल्यावर ‘माय ग्रुप्स’ मध्ये कारखान्याच्या टीम्स ग्रुपखाली फॉर्म तयार करा. याचा फायदा पुढे कोटेशनचे फोटो जोडताना कळतो. वैयक्तिक फॉर्मला जोडलेल्या फाइली त्या माणसाच्या वनड्राइव्हमध्ये जाऊन बसतात आणि मालकांनी लिंक उघडली की ‘परवानगी नाही’ असं दिसतं. ग्रुपच्या फॉर्मच्या फाइली ग्रुपच्या शेअरपॉइंटमध्ये जातात.

३. लिस्ट तयार करा, आणि कॉलमची नावं आधी इंग्रजीत द्या

आधी फॉर्म करायचा मोह होतो, पण आधी लिस्ट करा. फॉर्म हे फक्त दार आहे. नोंदी राहणार लिस्टमध्ये.

शेअरपॉइंट साइटवर ‘न्यू’, मग ‘लिस्ट’, मग ‘ब्लँक लिस्ट’. त्याआधी एक मिनिट काढून साइट सेटिंग्जमध्ये ‘रीजनल सेटिंग्ज’ उघडा आणि टाइम झोन भारताचा करा. तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला पर्याय असतो. नव्या साइटवर पुष्कळदा अमेरिकेची वेळ असते, आणि मग सकाळच्या पाळीतली मागणी आदल्या रात्रीची दिसू लागते.

लिस्टमध्ये हे कॉलम पुरतात:

- वस्तू – एका ओळीचा मजकूर
- नग किंवा वजन – संख्या
- एकक – चॉइस (ठरलेल्या पर्यायांतून निवड): नग, किलो, डझन, बॅग, मीटर
- शेड – चॉइस
- माग क्रमांक – मजकूर. संख्या ठेवू नका, कारण ‘१२ अ’ असा नंबर कुठेतरी निघतोच.
- अंदाजे रक्कम – संख्या
- तातडी – चॉइस: आज, दोन दिवसांत, महिन्याच्या खरेदीत
- स्थिती – चॉइस: नवीन, मॅनेजरकडे, मालकांकडे, मंजूर, नामंजूर, माल आला
- मंजुरीचा शेरा – अनेक ओळींचा मजकूर
- फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल – मजकूर

‘टायटल’ कॉलम आधीपासून असतो. तो काढत बसू नका, त्यातच वस्तूचं नाव ठेवता येतं. तारखेचा वेगळा कॉलमही नको. नोंद केव्हा झाली हे लिस्ट ‘क्रिएटेड’ कॉलममध्ये स्वतः लिहिते.

आता मराठीत काम करणाऱ्यांना हमखास नडणारी गोष्ट. शेअरपॉइंट प्रत्येक कॉलमला दोन नावं ठेवतं. एक दिसणारं, दुसरं आतलं. आतलं नाव कॉलम तयार करताना ठरतं आणि नंतर कधीच बदलत नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटीही वेगळी धरून, आतल्या नावात सात रोमन चिन्हांचं होतं, आणि आतल्या नावाची मर्यादा आहे ३२ चिन्हांची. ‘खरेदी’ हा शब्द घ्या: ख, र, मात्रा, द, वेलांटी. झाली पाच चिन्हं, म्हणजे ३५. एवढ्यातच मर्यादा उलटली. तुम्ही ‘खरेदी रक्कम’ आणि ‘खरेदी तारीख’ असे दोन कॉलम केले, तर आत दोघांचं नाव एकाच जागी तुटतं आणि दुसऱ्याला शेपटाला आकडा लागतो. पुढे फिल्टर लिहायची वेळ आली की कोणता कुठला ते कळत नाही.

उपाय सोपा आहे. कॉलम तयार करताना नाव रोमन लिपीत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता द्या. सेव्ह करा. मग कॉलमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नाव बदलून ‘अंदाजे रक्कम’ असं मराठी करा. दिसेल मराठी, आतलं राहील रोमन. आतलं नाव पाहायचं असेल तर लिस्ट सेटिंग्जमधून त्या कॉलमवर क्लिक करा. ब्राउझरच्या पत्त्यात सगळ्यात शेवटी ‘फील्ड’ आणि बरोबरच्या चिन्हानंतर ते लिहिलेलं असतं.

‘स्थिती’ आणि ‘क्रिएटेड’ या दोन कॉलमांना आत्ताच इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) लावून ठेवा. लिस्टमध्ये लाखो नोंदी मावतात, पण एका व्ह्यूला (लिस्ट पाहायच्या मांडणीला) एका वेळी ५,००० नोंदींच्या पुढे चाळावं लागलं की शेअरपॉइंट हात वर करतं. दिवसाला १५ मागण्या आणि वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले तर ४,५०० नोंदी होतात. म्हणजे ही अडचण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, सगळं सुरळीत चाललेलं असताना येणार.

४. फॉर्म

लिस्टमधल्या वरच्या सात गोष्टींचे सात प्रश्न करा. स्थिती आणि शेरा फॉर्ममध्ये नको, ते फ्लो भरेल. आठवा प्रश्न कोटेशनच्या फोटोचा ठेवता येतो, पण एका अटीवर: फाइल जोडायचा प्रश्न फक्त संस्थेतल्या खात्यांना चालतो. ‘लिंक असलेला कोणीही भरू शकतो’ असा फॉर्म ठेवला तर फाइलचा प्रश्न मिळत नाही.

त्यामुळे फॉर्म कोणाला उघडा ठेवायचा हे इथेच ठरवावं लागतं. सुपरवायझर-स्टोअरवाल्याकडे खाती असतील तर ‘फक्त माझ्या संस्थेतले लोक’ हा पर्याय घ्या. नाव आणि ईमेल आपोआप नोंदला जातो. सगळ्यांनाच खाती घेणं परवडत नसेल आणि फॉर्म खुला ठेवायचा असेल, तर भरणाऱ्याच्या ईमेलच्या जागी फ्लोला ‘अनॉनिमस’ एवढाच शब्द मिळतो. हा शब्द मेलच्या ‘टू’ मध्ये गेला की फ्लो तिथेच पडतो. खुल्या फॉर्ममध्ये नाव आणि टोकन नंबर हे प्रश्न स्वतः विचारा आणि उत्तराची मेल त्या शेडच्या सुपरवायझरला पाठवा.

प्रश्नांची भाषा साधी ठेवा. सोलापुरात मागावरच्या माणसाची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असू शकते. ‘आवश्यक परिमाण नमूद करावे’ असलं काही लिहू नका. ‘किती हवेत?’ पुरे.

रकमेच्या प्रश्नाला ‘नंबर’ ही अट लावा आणि खाली सूचना लिहा: फक्त इंग्रजी आकडे, स्वल्पविराम नको, रुपयाचं चिन्ह नको. शेड आणि एकक यांचे पर्याय लिस्टमधल्या चॉइसवरून कॉपी-पेस्ट करा, पुन्हा टाइप करू नका. मराठीत हे विशेष महत्त्वाचं आहे. डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळे असू शकतात: शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा जोडाक्षरात शिरलेलं न दिसणारं जोडचिन्ह. फ्लो अक्षरागणिक तुलना करतो. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

एकदा फ्लो जोडल्यावर प्रश्नाचे शब्द बदलले तर चालतं. प्रश्न काढून तसाच नवीन घातला तर मात्र फ्लोमधली जोडणी तुटते, कारण फ्लो प्रश्नाचा मजकूर पाहत नाही, त्याचा आतला क्रमांक पाहतो.

५. फ्लोचा पहिला भाग: फॉर्ममधून लिस्टमध्ये

पॉवर ऑटोमेटमध्ये ‘क्रिएट’, मग ‘ऑटोमेटेड क्लाउड फ्लो’. ट्रिगर, म्हणजे फ्लो सुरू करणारी घटना: ‘व्हेन अ न्यू रिस्पॉन्स इज सबमिटेड’. ग्रुपचा फॉर्म यादीत दिसला नाही तर घाबरू नका. फॉर्म संपादनासाठी उघडा, ब्राउझरच्या पत्त्यात ‘आयडी’ आणि बरोबरच्या चिन्हानंतरचा लांबलचक मजकूर कॉपी करा आणि ‘एंटर कस्टम व्हॅल्यू’ निवडून चिकटवा.

ट्रिगर फक्त उत्तराचा क्रमांक देतो, उत्तरं देत नाही. म्हणून दुसरी ॲक्शन ‘गेट रिस्पॉन्स डिटेल्स’. नवखा माणूस इथे अडकतो: ट्रिगरनंतर लगेच मेल जोडतो आणि वस्तूचं नाव का मिळत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

तिसरी ॲक्शन शेअरपॉइंटची ‘क्रिएट आयटम’. साइट, लिस्ट निवडा आणि एकेका कॉलमसमोर त्या त्या प्रश्नाचं उत्तर टाका. स्थिती ‘नवीन’. रकमेच्या कॉलमवर तुम्ही काही अट लावली असेल, समजा शून्यापेक्षा जास्त हवी, तर ती अट फ्लोलाही लागू होते. शून्य आलं की नोंद होत नाही आणि फ्लो तिथेच थांबतो. ती अट फॉर्ममध्येच लावलेली बरी.

मागणीला नंबर हवा असेल तर लिस्टचा स्वतःचा आयडी वापरा. तो आपोआप वाढतो आणि नोंद पुसली तरी पुन्हा वापरला जात नाही. ‘एप्रिलपासून परत १ पासून सुरू करा’ अशी हौस ऑफिसकडून येईल. टाळा. दोन मागण्या एकाच क्षणी आल्या तर हाताने मोजलेला क्रमांक दोघींना एकच पडतो.

६. मंजुरी

आता ‘कंडिशन’: रक्कम ५,००० पेक्षा जास्त आहे का?

फॉर्म्सकडून येणारी संख्या ही फ्लोच्या दृष्टीने संख्या नसते, मजकूर असतो. ती थेट ५,००० शी ताडली तर फ्लो प्रकार जुळत नाहीत म्हणून पडतो. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही बाजू मजकूर ठेवल्या तर तुलना शब्दकोशासारखी होते आणि ९०० हे ५,००० पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हा ५ च्या पुढे. ₹९०० चं बेअरिंग मालकांकडे आणि ₹४०,००० चं सूत मॅनेजरकडे, असा उलटा कारभार. फंक्शन लिहून संख्या करता येते, पण सोपी वाट अशी: कंडिशनमध्ये फॉर्मचं उत्तर घेऊच नका, ‘क्रिएट आयटम’ मधून परत आलेली रक्कम घ्या. लिस्टचा कॉलम संख्येचा असल्यामुळे ती खरी संख्या असते.

मंजुरीची ॲक्शन: ‘स्टार्ट अँड वेट फॉर ॲन ॲप्रूव्हल’. प्रकार निवडताना फरक ओळखा. ‘एव्हरीवन मस्ट ॲप्रूव्ह’ म्हणजे नावं दिलेल्या सगळ्यांनी हो म्हणायला हवं. ‘फर्स्ट टू रिस्पॉन्ड’ म्हणजे जो आधी उत्तर देईल त्याचं चालेल. आधी मॅनेजर, मग मालक असा क्रम हवा असेल तर दोघांना एका ॲक्शनमध्ये घालू नका. एकामागे एक अशा दोन ॲक्शन ठेवा आणि मध्ये स्थिती बदला. खात्यात पहिल्यांदाच ॲप्रूव्हल वापरत असाल तर पहिल्या वेळी पाठीमागे डेटाबेस तयार होतो, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात फ्लो मोडला असं समजून बदल करत सुटू नका.

मंजुरीचं शीर्षक हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा रकाना. मालक फोनच्या पडद्यावर आलेली एक ओळ पाहून ठरवतात. ‘खरेदी मागणी प्राप्त’ या शीर्षकातून काय कळणार? त्याऐवजी फॉर्ममधले तुकडे जोडून असं करा:

बेअरिंग २ नग – ₹१,८०० – शेड २, माग १२ अ – आज

तपशिलात मागणीचा नंबर, भरणाऱ्याचं नाव आणि लिस्टमधल्या नोंदीची लिंक द्या.

उत्तर आल्यावर दुसरी कंडिशन: ‘आउटकम’, म्हणजे मंजुरीचा निकाल, हा इंग्रजी ‘ॲप्रूव्ह’ शी जुळतो का? हा शब्द इंग्रजीतच आणि पहिलं अक्षर कॅपिटल असंच लिहायचं, इथे मराठी चालत नाही. जुळला तर ‘अपडेट आयटम’ करून स्थिती ‘मंजूर’, नाही तर ‘नामंजूर’. मग भरणाऱ्याला मेल.

शेरा घेताना एक गोम आहे. मंजुरी देणारे अनेक असू शकतात म्हणून शेरेही अनेक असतात, आणि तुम्ही शेरा निवडला की फ्लो आपोआप ‘अप्लाय टू ईच’ ची पेटी घालतो. त्या पेटीत मेलची ॲक्शन राहिली तर जितकी उत्तरं तितक्या मेल जातात. शेरा लिस्टमध्ये लिहिणं पेटीच्या आत, मेल पेटीच्या बाहेर.

मेलमध्ये वेळ छापायची असेल तर ती आधी ‘कन्व्हर्ट टाइम झोन’ मधून न्या. पॉवर ऑटोमेट आत सगळं जागतिक वेळेत धरतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्रपाळीत २ वाजता भरलेली मागणी मेलमध्ये आदल्या दिवशी रात्री साडेआठची दिसेल आणि पाळ्यांच्या भांडणाला निमित्त मिळेल. लिस्टमधल्या ‘क्रिएटेड’ ला मात्र हात लावू नका, तिथे साइटच्या टाइम झोनप्रमाणे वेळ आपोआप बरोबर दिसते.

७. उत्तर आलंच नाही तर

फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहते. तोवर मंजुरी आली नाही तर फेरी आपोआप संपते. लिस्टमध्ये स्थिती ‘मालकांकडे’ अशीच गोठते आणि कोणाला काही कळत नाही. एका फ्लोमध्ये दोन मंजुऱ्या असतील तर ३० दिवस दोघींचे मिळून.

पण मागासाठी ३० दिवस कोण थांबणार? म्हणून मंजुरीच्या ॲक्शनच्या सेटिंग्जमध्ये टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, भरा. तो ठरावीक पद्धतीने लिहावा लागतो. दोन दिवसांसाठी रोमन कॅपिटल पी, मग इंग्रजी आकडा २, मग कॅपिटल डी, मध्ये जागा नाही. मग त्या ॲक्शनखाली समांतर फांदी काढा आणि तिच्या ‘रन आफ्टर’ मध्ये ‘इज सक्सेसफुल’ ची खूण काढून ‘हॅज टाइम्ड आउट’ वर खूण करा. या फांदीत पर्यायी माणसाला नवी मंजुरी पाठवा, किंवा निदान ऑफिसला मेल करा की अमुक मागणी दोन दिवस अडकली आहे, फोन करा.

हे दोन दिवस घड्याळाचे आहेत, कामाचे नव्हेत. साप्ताहिक सुट्टी त्यात मोजली जाते. संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की मालकही जागेवर नसतात आणि पर्यायी माणूसही. त्या आठवड्यापुरता टाइमआउट वाढवा किंवा तिसऱ्याच कोणाचं तरी नाव घाला. आणि फ्लो चालू असताना नाव बदललं तर आधी निघालेल्या मागण्या जुन्याच माणसाकडे राहतात, नवीन नाव फक्त नव्या मागण्यांना लागतं.

८. मागचं दार बंद करा

लिस्टवर ज्याला ‘एडिट’ परवानगी आहे तो स्थितीच्या कॉलममध्ये जाऊन हाताने ‘मंजूर’ करू शकतो. फ्लोला त्याची गंधवार्ता नसते. ग्रुपच्या साइटवर सगळ्या सदस्यांना ही परवानगी आपसूक असते, त्यामुळे ही चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडते.

लिस्टच्या परवानग्या साइटपासून तोडा. फ्लोचं खातं आणि स्टोअरवाला यांना एडिट, बाकीच्यांना फक्त वाचन. फॉर्म भरणाऱ्यांना लिस्टची परवानगी लागतच नाही, कारण नोंद फ्लोचं खातं करतं. याच कारणाने ‘प्रत्येकाला फक्त स्वतःच्या नोंदी दिसाव्यात’ ही सेटिंग इथे कामाची नाही. सगळ्या नोंदी फ्लोच्या खात्याच्या नावावर असल्याने ती लावली की सुपरवायझरला रिकामी लिस्ट दिसते.

माल आल्यावर स्टोअरवाला स्थिती बदलेल, तेव्हा सुपरवायझरला मेल जावी असं वाटत असेल तर दुसरा छोटा फ्लो करा. त्याचा ट्रिगर ‘व्हेन ॲन आयटम इज क्रिएटेड ऑर मॉडिफाइड’. सावध: हा फ्लो त्याच नोंदीत काही बदल करत असेल तर तो बदल पुन्हा फ्लोला उठवतो आणि चरक्यासारखा फेरा सुरू होतो. या फ्लोने फक्त मेल करावी, नोंदीला हात लावू नये. शिवाय ट्रिगर कंडिशनमध्ये ‘स्थिती माल आला असेल तरच’ अशी अट घाला. तिथे तिसऱ्या पायरीतलं कॉलमचं आतलं नाव लागेल.

९. चाचणी: सात मागण्या

मंजुरी देणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घाला आणि या सात मागण्या भरा.

१. ₹९०० ची.
२. बरोबर ₹५,००० ची. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा बरोबर’ यांतला घोळ इथेच सापडतो.
३. ₹४०,००० ची, दोन्ही मंजुऱ्या ‘हो’.
४. ₹४०,००० ची, मॅनेजर ‘हो’, मालक ‘नाही’ आणि शेरा मराठीत.
५. टाइमआउट तात्पुरता पाच मिनिटांचा करून उत्तर न दिलेली.
६. वस्तूच्या नावात अवतरणचिन्ह आणि ‘&’ असलेली.
७. मोबाइलवरून, शेडच्या आतून भरलेली.

सातवीत पत्र्याच्या शेडमध्ये रेंज आहे का ते कळतं. नेट नसेल तर फॉर्म जात नाही, आणि भरणारा मात्र ‘मी तर भरला होता’ असं म्हणत राहतो. ‘तुमचं उत्तर नोंदलं गेलं’ हा पडदा दिसल्याशिवाय फोन खिशात ठेवायचा नाही, हे एकदा सगळ्यांना दाखवा.

चाचणी झाली की टाइमआउट आणि नावं पूर्ववत करा. पाच मिनिटांचा टाइमआउट तसाच राहून गेला तर पहिल्याच दिवशी सगळ्या मागण्या पर्यायी माणसाकडे जातील.

१०. भिंतीवर

फॉर्म्समध्ये ‘कलेक्ट रिस्पॉन्सेस’ खाली क्यूआर कोड मिळतो. तो छापून लॅमिनेट करा, कारण शेडमध्ये सुताचे बारीक तंतू आणि तेलाचे हात कागदाला आठवडाभरही टिकू देत नाहीत. स्टोअरच्या दारावर एक, सुपरवायझरच्या टेबलावर एक.

पहिले दोन आठवडे कागदी चिठ्ठी आणि फॉर्म दोन्ही चालू ठेवा, पण खरेदी फक्त फॉर्मवर. चिठ्ठी घेऊन आलेल्याला परत पाठवू नका. त्याच्यासमोर फॉर्म भरून द्या.

११. चालू झाल्यावर

फेरी का पडली हे फ्लोच्या पानावरच्या रन हिस्टरीत दिसतं, पण तिथे २८ दिवसांचाच इतिहास असतो. दर सोमवारी पाच मिनिटं काढून लाल खुणा पाहा. त्याहून बरं म्हणजे मुख्य ॲक्शन एका ‘स्कोप’ मध्ये, म्हणजे ॲक्शन एकत्र ठेवायच्या पेटीत, घाला आणि त्याखाली ‘हॅज फेल्ड’ असेल तर ऑफिसला मेल करणारी एक ॲक्शन ठेवा. सलग १४ दिवस पडत राहणारा फ्लो पॉवर ऑटोमेट स्वतःच बंद करतं.

महिन्याच्या मागण्यांचा गोषवारा काढणारा फ्लो केलात तर ‘गेट आयटम्स’ मूळ सेटिंगवर फक्त १०० नोंदी आणतं, हे लक्षात ठेवा. बेरीज चुकते पण फ्लो हिरवाच दिसतो. ‘टॉप काउंट’ मध्ये मोठा आकडा घाला, कमाल ५,०००.

आणि क्वचित लागणाऱ्या फॉर्मकडे लक्ष ठेवा. साध्या लायसन्सवरचा फ्लो ९० दिवस एकदाही उठला नाही तर बंद केला जातो. खरेदीचा फ्लो रोज चालतो, त्याला धोका नाही. दिवाळीच्या उचलीचा फॉर्म मात्र वर्षातून एकदाच उघडतो. फॉर्म भरला जाईल, ‘नोंदलं गेलं’ असंही दिसेल, आणि मागे फ्लो झोपलेला असेल. उचलीची यादी लागायच्या आठवडाभर आधी तो चालू करून एक खोटा अर्ज भरून पाहा.